रात्र एक, काम वर्षभराचं: ओकुमिकावाच्या हानामात्सुरीसारख्या गावविधीची नोंद कशी करावी

जपानच्या आइची प्रांताच्या ईशान्य कोपऱ्यात ओकुमिकावा हा डोंगराळ पट्टा आहे. तिथल्या तोएई, तोयोने आणि शितारा या भागांतल्या डझनभर वाड्यांमध्ये हिवाळ्यात हानामात्सुरी होते. (८ एप्रिलच्या बुद्धजन्माच्या उत्सवालाही हेच नाव आहे. माहिती शोधताना हमखास गल्लत होते, म्हणून आधीच सांगितलं.) मातीच्या जमिनीचा चौकोनी मांडव, त्याला म्हणतात माइदो. मध्ये चूल, चुलीवर पाण्याचा मोठा हंडा. देवांना बोलावून, उकळत्या पाण्याच्या साक्षीने रात्रभर नाच चालतो. संध्याकाळनंतर लहान मुलं 'हाना नो माइ' नाचतात, मग थोराड पोरांचे तिघांचे आणि चौघांचे नाच, मग हातात मोठ्या कुऱ्हाडी घेतलेले लाल मुखवट्यांचे ओनी, म्हणजे राक्षस. त्यांत मानाचा सकाकी-ओनी. तो पाय आपटून जमिनीतलं वाईट दाबून टाकतो. उजाडता उजाडता 'यु-बायाशी' होते. पेंढ्याच्या जुड्या हंड्यात बुडवून गरम पाणी सगळ्यांच्या अंगावर उडवतात. सगळे नाच धरले तर चाळिसाच्या आसपास जातात आणि भोवती उभे असलेले लोक 'तेऽहोहे, तेहोहे' असा ठेका धरून नाचणाऱ्यांना रात्रभर जागं ठेवतात. आपल्याकडच्या गोंधळाची रात्र ज्याने पाहिली आहे त्याला या जागरणाची जात लगेच ओळखू येईल.

१९७६ साली हानामात्सुरीला राष्ट्रीय पातळीवर महत्त्वाची अमूर्त लोकसांस्कृतिक संपदा म्हणून मान्यता मिळाली. नाचायला लागणारी माणसं मात्र मान्यतेने येत नाहीत. तोएईची लोकसंख्या आता तीन हजारांच्या आसपास आहे. विधी पूर्वी पाळीपाळीने गावकऱ्यांच्या घरी होई, त्या घराला 'हानायादो' म्हणत; आता बहुतेक ठिकाणी तो सभागृहात किंवा देवळाच्या आवारात होतो. पूर्वी फक्त मुलगे नाचत, आता मुलीही नाचतात. काही वाड्यांनी जुनी तारीख सोडून शनिवार-रविवार धरला. हिगाशी-सोनोमे वाडीत 'शिदारा' हे ढोलपथक १९९०पासून बंद पडलेल्या शाळेत राहतं आणि विधीत खांद्याला खांदा लावून उभं राहतं. मिसोनोचे नाच शिकून टोकियोजवळच्या हिगाशी-कुरुमे शहरातले लोक आपल्याकडे हानामात्सुरी करतात. कोरोनाच्या काळात बऱ्याच वाड्यांनी विधी थांबवला किंवा दारं लावून थोडक्यात उरकला.

जपानमधल्या एखाद्या गावात जाऊन असा विधी नोंदवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. नागोया, हामामात्सू भागात नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींना तर ओकुमिकावा एका दिवसाच्या प्रवासावर आहे: तोयोहाशीहून इइदा मार्गाची गाडी थेट तोएईला जाते, आणि त्या स्टेशनाची इमारतच ओनीच्या मुखवट्यासारखी बांधलेली आहे. पण कॅमेरा खांद्याला लावण्याआधी एक गोष्ट पक्की करा. तुमच्या नोंदीवरून हा विधी गावाला पुन्हा उभा करता आला पाहिजे, आणि विधीत झालेला बदल चौकटीबाहेर ढकलायचा नाही. प्लास्टिकच्या खुर्च्या, ट्यूबलाइट, बाहेरून आलेला नाचणारा, कमी केलेले तास हे सगळं नोंदीचा भाग आहे. 'अस्सल' दिसावं म्हणून खुर्च्या हलवायला सांगितल्या की त्या वर्षाची नोंद खोटी झाली.

नोंद कोणासाठी, हे आधी ठरवा

टोकियोच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संशोधन संस्थेने अशा चित्रीकरणासाठी मार्गदर्शन केलं आहे. त्यात नोंदीचे हेतू वेगळे धरले आहेत: जतनासाठीची पूर्ण नोंद, पुढच्यांना शिकवण्यासाठीची, आणि लोकांना दाखवण्यासाठीची. एकाच चित्रीकरणात तिन्ही साधायला गेलात तर एकही नीट होत नाही. जतनासाठी न कापलेलं, रुंद चौकटीतलं, लांबच लांब चित्रण लागतं. शिकवण्यासाठी पाय, हात, ठेका आणि पाठमोरं दृश्य लागतं. लोकांसाठी लागतात वीस मिनिटं आणि चेहरे.

माणसं कमी होत चाललेल्या गावात आमचा कौल स्पष्ट आहे: आधी शिकवण्यासाठीची नोंद, मग जतनाची. लोकांसाठीची फीत नाही झाली तरी चालेल. ओनीचे सुंदर फोटो हजारो आहेत. बासरीची बोटं कुठे पडतात ते दाखवणारं चित्रण हुडकून पाहा, म्हणजे पटेल.

परवानगी: सहा महिने आधीपासून

चार दारं आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे. पहिलं दार विधीचं जतन-मंडळ, म्हणजे 'होझोनकाइ'. मग वाडीचा प्रमुख, मग विधीचा मुख्य पुजारी 'हाना-दायू' आणि त्याच्यासोबतचे 'म्योदो', म्हणजे परंपरेने मान असलेल्या घरांतले मानकरी. शेवटी नगरपालिकेचं शिक्षण मंडळ, कारण जपानमध्ये सांस्कृतिक संपदेचा कारभार त्याच्याकडे असतो. प्रत्यक्षात संपर्क बहुधा शिक्षण मंडळामार्फतच सुरू होतो आणि त्यात गैर काही नाही. पण तिथला होकार म्हणजे गावाचा होकार नव्हे. अधिकाऱ्याचं पत्र पुढे करून माइदोत शिरलेल्या माणसाला कोणी अडवत नाही, पण कोणी काही सांगतही नाही.

ईमेल पुरत नाही. मे-जूनमध्ये टपालाने पत्र पाठवा, एका पानाचं: कोण, कशासाठी, किती माणसं, फीत कुठे राहणार, गावाला काय मिळणार. नंतर स्वतः जा, मिठाईचा बांधलेला डबा घेऊन जा. पहिल्या भेटीत कॅमेरा गाडीतच राहू द्या. विधीच्या दिवशी लिफाफ्यात देणगी द्यायची; तीन किंवा पाच हजार येन ठीक, चार नको, कारण चारचा एक उच्चार मृत्यूच्या शब्दाशी जुळतो. साकेची १.८ लिटरची मोठी बाटलीही चालते. देणगीदारांची नावं भिंतीवर लागतात, तेव्हा नाव कसं लिहायचं ते कागदावर काताकानात, म्हणजे परक्या नावांसाठीच्या जपानी लिपीत, देऊन ठेवा.

कागदावर लिहून घ्यायच्या गोष्टी:

- मूळ फिती कोणाकडे राहतील आणि कोणाला विचारून दाखवता येतील
- लहान मुलांच्या चित्रणासाठी प्रत्येकाच्या पालकांची सही (मंडळाची एक सही पुरत नाही)
- इंटरनेटवर काय टाकायचं, काय नाही. 'नंतर बघू' हे उत्तर आलं तर त्याचा अर्थ 'नाही'
- चित्रणाला बंदी असलेला भाग
- गावाला प्रती कधी आणि कशात मिळतील

चौथ्या मुद्द्यावर घाई करू नका. हाना-दायूचे काही मंत्र आणि हस्तमुद्रा बाहेरच्यांसाठी नसतात, समारोपाचे काही विधीही शांतपणे, मोजक्या माणसांत होतात. तिथे कॅमेरा बंद करा आणि वहीत लिहा: 'अमुक ते अमुक वेळ, दार बंद, आत इतके जण.' एवढीच नोंद पुढच्या अभ्यासकाला पुरते.

आणखी एक गोष्ट स्वतःहून विचारा: सुतक. घरात वर्षभरात मृत्यू झालेला असेल तर तो माणूस विधीपासून दूर राहतो. हा नियम तुमच्या चमूलाही लागू होऊ शकतो. तिथे कोणी तोंडावर विचारणार नाही, मनात मात्र ठेवेल.

जाणत्यांची यादी

हे काम चित्रीकरणाच्या आधीचं आहे आणि आमच्या मते सगळ्यात मोलाचं आहे. एक मोठा कागद घ्या. डावीकडे विधीतलं प्रत्येक काम लिहा. फक्त नाच नाही. हंडा मांडणारा, लाकूड फोडणारा, पेंढ्याचे दोर वळणारा, कागद कातरणारा, ढोल, बासरी, 'उतागुरा' म्हणजे नाचातली गाणी म्हणणारा, मुखवटे काढणारा-ठेवणारा, पोशाख बांधणारी, स्वयंपाक करणाऱ्या बाया, देणगीची वही सांभाळणारा. साठ-सत्तर ओळी सहज होतात. पुढे चार रकाने: आत्ता कोण करतं, वय, कोणाकडून शिकलं, उद्या तो नसेल तर कोण करेल.

शेवटचा रकाना रिकामा राहिला की त्या ओळीला लाल खूण. तुमच्या कामाचा क्रम ही यादीच ठरवते. नाचांच्या ओळी बहुधा भरलेल्या निघतात, कारण नाच शहरातून येणारा नातू किंवा पाहुणा तरुण दोन-तीन हिवाळ्यांत शिकू शकतो. लाल खुणा सापडतात बासरी, मंत्रपाठ, कागद-कातरण आणि पोशाख बांधणं यांच्यासमोर. पोशाखाचं उदाहरण घ्या. नाचता नाचता सुटू नये म्हणून बाह्या दोरीने कशा आवळायच्या हे एखाद्याच आजींना नीट माहीत असतं, आणि तो प्रकार पडद्यामागे घडत असल्यामुळे तिथवर कॅमेरा पोचत नाही.

वय विचारताना जपून. जुनी माणसं कधी कधी जन्माच्या वेळीच एक वर्ष धरून मोजतात. त्यापेक्षा जन्मसाल विचारा, ते बहुधा राजवटीच्या, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजलेल्या, सालात सांगतील. शोवा सालात १९२५ मिळवा, हेइसेइत १९८८, रेइवात २०१८. म्हणजे शोवा ५१ हे १९७६. वहीत दोन्ही लिहा: सांगितलेलं आणि काढलेलं.

विधीआधीचे आठवडे

विधीच्या आधी संध्याकाळी नाचाची तालीम सुरू होते. तिला 'माइनाराइ' म्हणतात. पूर्ण नोंदीतली निम्मी किंमत या तालमीत आहे. विधीच्या रात्री जाणता माणूस गप्प असतो. तालमीत तो बोलतो. 'गुडघा आणखी वाक', 'ढोल ऐक, पाय मोजू नकोस', 'तो हात नाही, दुसरा'. शिकवण्याचे हे शब्द गावच्या बोलीत असतात आणि प्रमाण जपानीत आणले की त्यांतला अर्धा अर्थ गळतो. त्यामुळे तालमीत आवाजाला पहिला मान: शिकवणाऱ्याच्या कॉलरला छोटा मायक्रोफोन, कॅमेरा दुय्यम.

तालमीतच एक दिवस मागून घ्या आणि प्रत्येक नाचाचा एक पूर्ण फेरा तीन बाजूंनी चित्रित करा: समोरून, मागून आणि उंचावरून. मागचं चित्रण विसरू नका. समोरून घेतलेली फीत पाहून शिकणारा उजव्याचं डावं करतो, कारण आरशाचा घोटाळा होतो. पाठमोरी फीत पाहून पाय आपोआप बरोबर पडतात. हे नाच दिशांच्या क्रमाने पुन्हा पुन्हा केले जातात: पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर आणि मध्य. पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते म्हणून एकच दिशा घेऊन थांबणं ही नेहमीची चूक. दिशा बदलताना वळण कुठून घ्यायचं हेच तर अवघड असतं, आणि ते नेमकं त्या तुकड्यांच्या सांध्यात असतं.

बासरी वेगळी नोंदवा, शांत खोलीत, दिवसा. रात्रीच्या ध्वनिफितीत ढोल आणि लोकांच्या हाळ्या बासरीवर बसतात. एक कॅमेरा बोटांवर, एक पूर्ण माणसावर. प्रत्येक चाल दोनदा पूर्ण वेगाने, एकदा सावकाश. ढोलालाही तसंच. वादकाने तोंडाने बोल म्हणून दाखवले तर ते आवर्जून घ्या. बहुतेक शिकणारे आधी बोल पाठ करतात, काठी नंतर हातात घेतात.

कागदाचं काम जवळून पाहू. माइदोच्या भोवती 'झाझेची' नावाचे कातरलेले कागद टांगतात आणि हंड्याच्या वर 'युबुता' हे कागदी छत (गावोगाव नाव बदलतं). कागद घडी घालून, थर एकत्र धरून, सुरीने कापतात. उलगडल्यावर नक्षी दिसते, पण ती कशी आली ते उलगडलेल्या कागदावरून कळत नाही. म्हणून नोंद अशी करा: कॅमेरा टेबलाच्या बरोबर वर, खाली रोखलेला, चौकटीत मोजपट्टी सतत दिसेल अशी. घडीची प्रत्येक पायरी झाली की कारागिराला तीन सेकंद थांबायला सांगा. सुरीचा कोन दाखवायला दुसरा कॅमेरा बाजूने, कागदाच्या पातळीवर. झालं की एक नमुना मागून घ्या, आणि शिवाय घडी घातलेला पण न कापलेला एक कागद, पेन्सिलीने कापाच्या रेघा आखलेला. हा दुसरा कागद दहा फितींपेक्षा उपयोगी पडतो. मापं जुन्या एककांत सांगितली जातील: १ शाकू ३०.३ सेंटिमीटर, त्याचा दहावा भाग १ सुन, आणि ६ शाकूंचा १ केन, म्हणजे सुमारे १.८२ मीटर. कारागिराने सांगितलेला आकडा तसाच लिहा, शेजारी तुमचं मोजमाप. दोहोंत फरक निघाला तर तोही लिहा.

माइदोचा आराखडा हाताने काढा. चार खांब, हंडा, देवाची बाजू म्हणजे 'कान्झा', ढोलाची जागा, लोकांची शेकोटी, उत्तर दिशा. १९३० साली हायाकावा कोतारो यांनी हानामात्सुरीवरचा आपला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ते मूळचे याच भागातले, चित्रकला शिकलेले, आणि त्यांनी काढलेल्या आकृत्या आजही कामाला येतात. पेन्सिलीने काढताना डोळा जे विचारतो ते कॅमेरा विचारत नाही.

साहित्य आणि आकडे

सगळ्यात आधी एक बारीक पण नाश करणारी गोष्ट. भारतात घेतलेला कॅमेरा बहुधा सेकंदाला २५ किंवा ५० चौकटींवर लावलेला असतो. आइचीत वीज ६० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्रावर लाटा येतात. कॅमेरा ३० किंवा ६० चौकटींवर आणा, शटर १/६० किंवा १/१२० च्या जवळ ठेवा. जपानच्या पूर्वेकडे, म्हणजे टोकियो आणि तोहोकूकडे, वीज ५० हर्ट्झची आहे. तिथे आकिताच्या नामाहागेसारखा विधी घ्यायला गेलात तर शटर १/५० किंवा १/१००. विजेचा दाब १०० व्होल्ट, सॉकेट चपट्या दोन पिनांचं. चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असेल तर फक्त पिनेचा जोड लागतो.

कॅमेरे किमान दोन. एक न हलणारा, कोपऱ्यात उंचावर, चारी खांब आणि सगळ्यांचे पाय दिसतील असा. हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बंद करायचा नाही. दुसरा फिरता. काही जुने फोटो-कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी चित्रण आपोआप थांबवतात. न हलणाऱ्या जागी तसला लावला की मध्यरात्रीचा मोठा भाग हातून जातो आणि सकाळपर्यंत कळतही नाही. त्या जागी हँडीकॅमच बरा.

जागेचा हिशोब: ५० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने तासाला २२.५ जीबी. तयारीपासून आवराआवरीपर्यंत वीस तास धरले तर स्थिर कॅमेऱ्याचे ४५० जीबी, फिरत्याचे अर्ध्या वेळेचे २२५. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ घेतला तर तासाला जेमतेम १ जीबी. एकूण साधारण ७०० जीबी, तीन प्रतींत २१०० जीबी. म्हणून १ टीबीच्या तीन डिस्क. आवाजाची फाइल काही यंत्रांत २ जीबीला, म्हणजे सुमारे दोन तासांनी, तुटते. सांध्यावर काही सेकंद गळतात का ते घरी तपासून पाहा.

ध्वनियंत्र ढोलापासून निदान तीन मीटर दूर, डोक्याच्या उंचीवर. पातळी ढोलाच्या सगळ्यात जोराच्या थापेवर लावा आणि मग हात लावू नका. आपोआप पातळी धरणारी सोय बंद करा. नाहीतर प्रत्येक थापेनंतर बासरी दबते आणि पुन्हा वर येते, ऐकताना समुद्राची लाट आल्यासारखं वाटतं.

बॅटऱ्या हिशोबाच्या दुप्पट घ्या, थंडीत त्या लवकर उतरतात. सुट्या बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा. बाहेर शून्याखाली आणि आत वाफ: थंड कॅमेरा आत आणला की भिंगावर दव धरतं. आणण्याआधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि आत आल्यावर वीस-तीस मिनिटं तसाच राहू द्या. फोकस हाताने लावा, आपोआप ठेवलात तर तो वाफेवर आणि हलणाऱ्या झाझेचीवर धावतो. रंगतापमानही हातानेच, ४००० केल्विनच्या आसपास, एकदाच. ट्यूबलाइट आणि जाळ यांच्यामध्ये कॅमेऱ्याला मत बनवू दिलं तर ओनीचा लाल मुखवटा दर मिनिटाला वेगळा दिसतो.

गाडीने जात असाल तर हिवाळी टायर हवेतच. पहाटे घाटरस्ते गोठतात. इइदा मार्गाला गाड्या मोजक्या, तेव्हा परतीची वेळ आधी लिहून ठेवा.

प्रत्यक्ष रात्र

चौघे असतील तर उत्तम, तिघांत भागतं: स्थिर कॅमेरा आणि आवाज एकाकडे, फिरता कॅमेरा दुसऱ्याकडे, वही तिसऱ्याकडे. वहीवाला सोडून कोणीही तीन तास झोपू शकतो. झोपेच्या पाळ्या दुपारीच ठरवा. पहाटे तीन ते पाच डोळे मिटतात, बॅटऱ्या संपतात, आणि त्यानंतरच यु-बायाशी आणि सकाळचे ओनी येतात. रात्री बाराला सगळी शक्ती सकाकी-ओनीवर खर्च करून बसलेले चमू पाहायला मिळतात. त्यांच्या नोंदीत सकाळ नसते.

सुरुवात संध्याकाळी धरू नका. पाण्याच्या जागी जाऊन केलेली शुद्धी, उंचावरच्या आणि वाटांवरच्या देवांना दिलेला मान, हे दिवसा होतं, पाहणारे नसतात. तिथे एकच माणूस आणि एकच छोटा कॅमेरा पाठवा.

सगळ्या यंत्रांची घड्याळं जपानी वेळेवर लावा. त्याआधी भारतातलं साडेतीन तासांचं अंतर काढून टाकलंय ना, ते पाहा. दर दोन तासांनी फोनवरचं सेकंदाचं घड्याळ प्रत्येक कॅमेऱ्यासमोर पाच सेकंद धरा. जोडताना हेच हाताशी येतं.

उभं राहायची जागा: कान्झा आणि हंडा यांच्यामधून ओलांडू नका. कान्झावर चढायचं तर बूट काढून आणि विचारून. हाताच्या दिव्याचा झोत किंवा फ्लॅश वापरू नका. मुखवट्याच्या डोळ्यांच्या फटींतून ओनीला फारच थोडं दिसतं, त्यात झोत आला तर कुऱ्हाड कुठे जाते ते त्याला कळत नाही. ओनीसोबत एक सांभाळणारा चालत असतो. तो जिकडे रिकामी जागा ठेवतो तिकडे तुम्ही जायचं नाही. यु-बायाशीच्या आधी दहा मिनिटं पावसाळी आवरण चढवा आणि ध्वनियंत्र झाका. पाणी चुकवता येईल असं समजू नका, ते छतापर्यंत जातं.

सकाकी-ओनीच्या भागात चौकट रुंद ठेवा. सकाकी या पवित्र झाडाच्या फांदीवरून आणि वयावरून मानकऱ्याशी त्याचे सवाल-जवाब होतात. दोघेही चौकटीत हवेत, आवाज स्वच्छ हवा. नंतरच्या 'हेन्बे'त, म्हणजे जमीन दाबण्याच्या पावलांत, फक्त पाय घ्या. मुखवट्याकडे कॅमेरा आपसूक वर जातो, तो मोह आवरा. पाय एकदा चुकले की पुढच्या वर्षापर्यंत मिळत नाहीत.

वही

रकाने असे: वेळ, नाचाचं गावातलं नाव, नाचणारे (मूळ गावचे, बाहेर राहणारे गावचे, पाहुणे), हातातली वस्तू, दिशा, फितीचा क्रमांक, आणि सगळ्यात रुंद रकाना 'वेगळं काय घडलं'. मध्यरात्रीनंतरची वेळ जपानी पद्धतीने २५, २६, २७ वाजले अशी लिहा. रात्रीचा एक म्हणजे २५. त्यामुळे ओळी एकाच दिवसाखाली क्रमाने राहतात.

शेवटच्या रकान्यात चुकाही येतात. ढोल थांबला, मुलगा रडला, तिघांच्या नाचात माणूस कमी पडला म्हणून बापच शिरला. असल्या गोष्टी गाव खपवून घेतं की थांबवून पुन्हा करायला लावतं, यावरून कळतं की काय सैल चालतं आणि काय नाही. नियम विचारून जेवढा समजतो त्याहून जास्त तिथे समजतो.

एका वाडीच्या नोंदीवरून दुसरीचं दुरुस्त करू नका. फुरिकुसा आणि ओन्यू या दोन नद्यांच्या खोऱ्यांनुसार धाटणीच वेगळी आहे आणि नाचांची नावं, क्रम, मुखवट्यांची नावंही बदलतात. उतागुरा ऐकू येईल तसा कानाने लिहून घ्या, मग म्हणणाऱ्याला वाचून दाखवा. अर्थ लागत नाही म्हणून शब्द बदलू नका.

मुलाखती

विधीनंतर दोन-तीन आठवड्यांनी, घरी, दीड तासाच्या आत. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न शेवटी. त्याला बहुधा माहितीपत्रकातलं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: 'यानंतर लगेच काय करता?' 'तुम्हाला ताप आला त्या वर्षी कोणी केलं?' 'तुमच्या घरी हानायादो होता तेव्हा सामान कुठे हलवलं?' जुने फोटो पुढे ठेवा, त्यांवर बोट ठेवून माणूस जे बोलतो ते प्रश्नाने निघत नाही.

बदलाबद्दल विचारताना 'का सोडलं?' असं म्हणू नका, त्यात दोष येतो. 'कोणत्या वर्षी ठरलं, बैठकीत कोण होतं, दुसरे काय पर्याय होते?' असं विचारा. तारीख शनिवारवर नेणारी, मुलींना नाचात घेणारी, घरातून सभागृहात नेणारी प्रत्येक बैठक हा विधीच्या इतिहासाचा भाग आहे. आजवर तो कोणी लिहिला नसेल तर तो तुम्ही लिहा. बायांना वेगळं भेटा. स्वयंपाक किती जणांचा, तांदूळ किती, पूर्वी कोणाच्या घरून यायचा: विधीला किती माणसांचं बळ लागतं ते स्वयंपाकघरात बिनचूक ठाऊक असतं.

विधी थांबलेला असेल तर

जपानी कागदपत्रांत 'खंडित' आणि 'बंद' हे दोन वेगळे शब्द आहेत आणि गावंही ते मोजून वापरतात. 'खंडित' म्हटलं असेल तर तुम्ही 'बंद' लिहू नका. अशा ठिकाणी जाणत्यांना प्रत्यक्ष जागेवर न्या, रिकाम्या माइदोत उभं करा. बसून न आठवणारी पावलं उभ्याने आठवतात. ढोलाची जुनी फीत लावली तर आणखी. घराघरांतले ८ मिलिमीटरचे चित्रपट आणि व्हीएचएस कॅसेट शोधा. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालून पाहू नका, पहिल्याच फेरीत ती आणि यंत्राचं डोकं दोन्ही जातात. मुखवटे फक्त त्यांच्या सांभाळणाऱ्याच्या हातून बाहेर काढले जावेत. फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि आतून. आतल्या बाजूवर साल, दुरुस्ती करणाऱ्याचं नाव, दोरीच्या भोकांची झीज असं पुष्कळ वाचता येतं.

परत देणं

मूळ फायलींना हात लावू नका. नावं बदलायची तर प्रतींची बदला. नावात साल-महिना-दिवस, वाडी, कॅमेरा, क्रम, सगळं रोमन अक्षरांत आणि जागा न सोडता. एक प्रत तुमच्याकडे, एक मंडळाकडे, एक प्रांतातल्या संग्रहालयात किंवा विद्यापीठात, म्हणजे एकाच पुरात किंवा भूकंपात सगळं जाणार नाही. पाच वर्षांनी डिस्क बदलायची जबाबदारी कोणाची, ते कराराच्या कागदावरच लिहा.

गावाला महिन्याच्या आत द्या. ज्येष्ठांसाठी डीव्हीडी, तरुणांसाठी पेनड्राइव्ह, आणि प्रत्येक घराला छापलेले फोटो. शिकण्यासाठीच्या फिती नाचागणिक वेगळ्या करा, एकेक फेरा समोरून आणि पाठीमागून, शिवाय अर्ध्या वेगाची प्रत.

मग पुढच्या हिवाळ्यात तालमीच्या पहिल्या संध्याकाळी ती फीत सभागृहात लावा आणि कोपऱ्यात ध्वनियंत्र चालू ठेवा. म्हातारी मंडळी पडद्याकडे बोट दाखवून म्हणतील, 'इथे चुकलं', 'हे माझ्या वडिलांच्या वेळी असं नव्हतं'. ते शब्द, मिनिट-सेकंदासह, मूळ नोंदीला जोडा.